पंचवीस माश्या

"म्हणजे मी अजून लायक नाही, असंच ना?"

विचारता विचारता इद्रीसची नजर हमीसीबाबांच्या काठीवर गेली. आफ्रिकेतल्या त्या नदीकाठी रीतच होती: फकीर ज्याच्या हाती आपली काठी देई, तो दुसऱ्या गावी जाऊन लोकांना शिकवू लागे. सहा वर्षं इद्रीसचा जीव त्या काठीत अडकला होता.

बाबा शेंगा सोलत राहिले.

"अकरा विद्वानांना वादात गप्प केलंय मी, बाबा. परवाचा तर वाद चालू असतानाच पेंगायला लागला. आणखी काय करून दाखवू?"

"गाईला त्सेत्से माश्या फार छळतायत..." बाबा म्हणाले. "त्यांचं तेवढं बघ. मग काठी ने."

एवढंच? इद्रीस मनातल्या मनात हसला. ही माशी मोठी वाईट. तिच्या चाव्यानं माणसाला झोपेचा रोग जडतो, जनावर खंगत जातं. पकडायला जावं तर हाताला लागत नाही. पण गडी हट्टाला पेटला. दिवसभर फडकं घेऊन गोठ्यात नाचला, आणि उन्हं उतरताना केळीच्या पानावर पंचवीस माश्या मांडून बाबांपुढे हजर झाला. स्वतःवर भलताच खूश होता.

"चपळ आहेस की," बाबा म्हणाले.

"हातच तसा चालतो माझा."

बाबांनी बाभळीचा काटा घेतला आणि एका माशीचं पोट हलकेच उकललं. आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा निघाला. निघतच राहिला. माशीपेक्षा तोच लांब होता.

दुसरीतही तोच. तिसरीतही...

"हा आतून खातो तिला?" इद्रीसनं विचारलं.

"खातो. मग तिला धड उडवत नाही. बसली की बसलीच."

इद्रीसनं गोठ्याकडे पाहिलं. गाय अजून शेपटी आपटत होती. तिच्या पाठीवरून माश्या भुर्रकन उडत होत्या, पुन्हा येऊन बसत होत्या. त्याचे कान तापले. लाज वाटली, आणि हसूही आवरेना.

बाबांनी काठी उचलून त्याच्यापुढे धरली. इद्रीसचा हात निम्म्यावर येऊन थांबला.

"घे की. शब्द दिलाय मी," बाबा मिस्कील हसले. "जाता जाता एवढंच सांग... त्या अकरांतले धडधाकट किती होते?"