उंबरावरची ताजी बातमी

माणसांच्या हाती फोन यायच्या कितीतरी आधी रानातल्या साऱ्या बातम्या एका उंबरावर जमायच्या. तिथली रीतच अशी, की बातमी शेवटपर्यंत ऐकेल तो मागासलेला आणि आधी उडून दुसऱ्या झाडावर सांगेल तो शहाणा.

एकदा झाड पिकल्या उंबरांनी लगडलं, पण पोपट आणि साळुंक्या खारीला फांदीवर पाय ठेवू देईनात. खार बुंध्याशी बसूनच ओरडली, "ऐकलंत का? प्रत्येक पक्ष्याच्या पंखावर शिक्का मारायचा नवा कायदा सिंहमहाराजांनी..."

पुढचं ऐकायला झाडावर कुणी उरलंच नाही.

रानभर बोंब ठोकून पक्षी दुपारी परतले, तर बहुतेक उंबरं फस्त झालेली.

"लबाड!" म्हातारा पोपट कडाडला. "महाराज म्हणतात, तो कायदा त्यांनी रद्द केलाय!"

"तेच तर सांगत होते," खार मिशा पुसत म्हणाली. "तुम्ही थांबलात कुठं?"

पक्षी ओशाळले. यापुढं पुरती बातमी ऐकल्याशिवाय कुणी उडायचं नाही, असा तिथल्या तिथं ठराव झाला.

"झकास!" खार म्हणाली आणि तिनं शेंड्यावर उरलेल्या घोसाकडं पाहिलं. "पण असले ठराव करणाऱ्यांना महाराज आता..."

झाड पुन्हा रिकामं झालं.