एकाच झाकणाच्या तीन मजुऱ्या

आमच्या बाजारात गॅरेज एकच, मुरकुटेशेठचं. तिथे शेठ म्हणतील ती मजुरी. मी मोटारसायकलवरून पाव विकणारा. गाडी बंद तर चूल बंद.

शेठनं गाडीची क्लच प्लेट, किकचा गिअर आणि ऑइल पंप बदलला. तिन्ही इंजिनच्या एकाच झाकणाआड, तरी झाकण उघडून बसवण्याची मजुरी लावली तीनदा!

"तीन कामं, तीन मजुऱ्या. नाहीतर पाव डोक्यावर घेऊन फिर," म्हणत शेठनं किल्ली खिशात टाकली.

शेजारच्या सलूनात दामूअण्णांपुढे मी रडगाणं गायलं. तेवढ्यात शेठच दाढीला आले. लेकीची सोयरीक ठरवायला निघायचं होतं.

अण्णांनी कापड बांधलं, तोंडभर फेस लावला, उजवा गाल गुळगुळीत केला आणि कापड सोडून झटकलं.

"हे काय रे?"

"उजवा गाल झाला, शेठ. डाव्यासाठी कापड पुन्हा बांधायचं. त्याची मजुरी वेगळी. हनुवटीची आणखी वेगळी."

"अरे, तोंड एकच आहे ना माझं?"

"या पोराच्या गाडीला इंजिनं तरी कुठं तीन होती, शेठ?"

शेठचा एक गाल फेसानं पांढरा, दुसरा शरमेनं लाल. किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "उघडझाकीचे एकदाचेच दे."

"तिन्ही भाग बसवण्याचे मात्र पुरते दे हं," अण्णांनी मला बजावलं आणि कापड पुन्हा बांधलं.

तेव्हापासून माझा पहिला पाव अण्णांच्या दारात. फुकट घेत नाहीत. "कष्टाचे पैसे घ्यावेत," म्हणतात. मी एकाचे घेतो, पाव दोन ठेवतो आणि सांगतो, "अण्णा, पिशवी एकदाच उघडली ना!"