स्कूल कुणी सोडलं?

बंदरावरच्या वाचनालयात लेखनिकाची जागा निघाली आणि नववीत शाळा सोडलेल्या यमुना तांडेलनं अर्ज केला. चार वर्षं रोज दुपारी तिथं बसून तिनं इंग्रजीचा कोश वाचला होता, एवढाच तिचा दाखला. वाचनालयाचे अध्यक्ष खांबेटे सर, निवृत्त हेडमास्तर. निवृत्त झाले तरी छडी सुटली नव्हती, फक्त दिसत नव्हती.

मुलाखतीला समितीसमोर तिचा अर्ज नाचवत सर म्हणाले, "स्कूल टाकून दुपारभर रिकामी बसणारी पोर ही! बरं, ह्या स्कूलचाच मला ठाऊक नसलेला एक अर्थ सांग. जागा तुझी."

"एकत्र पोहणाऱ्या माशांच्या थव्यालाही इंग्रजीत स्कूल म्हणतात, सर."

"ठाऊक आहे," सर म्हणाले. ठाऊक नव्हतं.

"मग तुमच्या शिकवायच्या स्कूलचं मूळ बघू. शब्द ग्रीकांचा. त्यांच्याकडं त्याचा पहिला अर्थ फुरसत. रिकामं बसणं."

सरांनी कोश मागवला, चष्मा पुसला, पान काढलं. कोशात तसंच होतं. कोश मागवावा लागला, हे समितीनं पाहिलं होतं.

यमुना म्हणाली, "म्हणजे रिकामी बसून मी चार वर्षं स्कूलमध्येच होते. तुम्ही पस्तीस वर्षं घंटा बडवून कुणाला फुरसत मिळू दिली नाहीत. मग सर, स्कूल सोडलं कुणी?"

सरांनी अर्जावर सही केली. "सोमवारी ये. वेळेवर."

"येते. तुम्ही या फुरसतीनं."