मधली गाठ

फार मागची गोष्ट. एका खोल दरीच्या दोन काठांवर दोन गावं होती. गावांना नावं नव्हती. प्रत्येक गाव स्वतःला अलीकडचं म्हणे आणि समोरच्याला पलीकडचं. तेवढ्यावर दोघांचंही भागत असे.

दोन्ही गावांना जोडणारा एकच पूल होता, तोही दोरांचा. दरवर्षी पावसाळा सरला की त्याचे दोर बदलत. हे गाव आपल्या काठापासून मध्यापर्यंतचे बदले, ते गाव आपल्या काठापासून मध्यापर्यंतचे. माणसं दोन्हीकडची फार रीतीची. दुसऱ्याच्या बाजूला हात लावणं म्हणजे त्याच्या कामाला नावं ठेवणं, असं ती मानत. पुलावरून चालण्याचीही रीत होती. मध्ये थांबायचं नाही, खाली बघायचं नाही, नजर समोरच्या काठावर ठेवायची.

त्यातल्या एका गावात दोर वळणारी एक बाई राहत असे. अंबाडी भिजवून, सोलून ती असा दोर वळी की ओढून ओढून बैल थकावा, पण दोर तुटू नये. तिच्या गावाच्या बाजूचे पुलाचे सगळे दोर तिच्याच हातचे. ती स्वतः मात्र कित्येक वर्षांत पुलावर पाऊल टाकत नव्हती.

"दोर वळते आणि दोरालाच भिते!" म्हणून गाव हसे. हसण्यासारखं होतंच म्हणा. मी तिथं असतो तर मीही हसलो असतो, आणि मागाहून स्वतःचाच कान पिळला असता.

तिची थोरली बहीण पलीकडच्या गावात दिलेली होती. आई लवकर गेली, तेव्हा या थोरलीनंच धाकटीला भरवलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या. आता दोघींचेही केस पिकले होते. रोज सकाळी, वारा उठायच्या आधी, दोघी आपापल्या काठावर येत आणि हाका मारून बोलत. काय शिजवलंस, गुडघा कसा आहे, शेळी व्याली का, असलंच बोलणं. पण त्याशिवाय दोघींचा दिवस सुरू होत नसे.

एका सकाळी थोरली म्हणाली, "बयो, डोळ्यांत पडदा उतरतोय गं. इथून तू नुसता पांढरा ठिपका दिसतेस. दिवाळीनंतर तेवढंही दिसायचं नाही, असं वैद्यबुवा म्हणतात. एकदा ये. तुझं तोंड जवळून बघून घेते."

"आक्का, मी नाही येणार," धाकटी म्हणाली. "त्या पुलाची मला भीती वाटते."

"बरं," एवढंच बोलून थोरली घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती काठावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

गावानं धाकटीला धारेवर धरलं. "सख्ख्या बहिणीसाठी एवढंही करवेना तुला?" एक म्हणाला, डोळे बांधून नेतो. दुसरा म्हणाला, पाठंगुळी घेतो. "नको, मला भीती वाटते, कारण..." असं तिनं म्हणावं, आणि कारणाच्या आधीच सगळ्यांनी हसावं. ती मुकाट्यानं दोर वळत बसे आणि डोळे पदराला पुसत असे.

चौथ्या सकाळी थोरली काठावर आली. राग ओसरला होता आणि एक जुनी गोष्ट तिला आठवली होती.

"बयो, लहानपणी एकदा तू गोठ्यात जाईनास. सगळे तुझ्यावर ओरडले. मी विचारलं, तेव्हा म्हणालीस, वैरणीत साप आहे. आणि होता की गं खरंच! या वेळी मात्र मी विचारलंच नाही. चुकले. आता सांग, कशाला भितेस?"

"मधल्या गाठीला, आक्का. आमचे दोर मी वळते, तुमचे तुमचा दोरवाला वळतो. दोन्ही पक्के आहेत. पण मधल्या ज्या जुन्या दोराच्या गाठीत दोन्ही अडकवलेत, ती कोण बदलतं? तिच्यासाठी माझ्याकडून कुणी कधी दोर नेला नाही. सकाळच्या उन्हात इथून ती काळी दिसते."

थोरलीनं तडक आपल्या पाटलाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "ते पलीकडच्यांचं काम." त्यानं दरीपार हाक घालून विचारलं. तिकडूनही उत्तर आलं, "ते पलीकडच्यांचं काम."

मग दोन्ही काठांवरून एकेक माणूस कमरेला दोर बांधून मध्यापर्यंत सरपटत गेला आणि दोघांनी पहिल्यांदाच खाली पाहिलं. मनगटाएवढी जाड गाठ कुजून करंगळीएवढी उरली होती. तिच्यावरून रोज पोरंबाळं जात होती, वऱ्हाडं जात होती. परत आल्यावर त्यांतला एक जण काठावर मटकन बसला आणि त्यानं आपल्या लेकीला जवळ ओढून घेतलं. कुणी हसलं नाही.

अर्धी अंबाडी या गावची, अर्धी त्या गावची घेऊन धाकटीनं नवा दोर वळला. दोन्ही गावच्या हातांनी मिळून गाठ बांधली.

मग धाकटीनं पुलावर पाऊल ठेवलं. पण इतक्या वर्षांची भीती एका गाठीनं कशी जाईल? दहा पावलांवरच ती दोर घट्ट धरून थबकली. पुढंही जाववेना, मागंही. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"थांब तिथंच, दम घे. मग थोडी तू ये, थोडी मी येते."

दोर चाचपत, एकेक पाऊल टाकत थोरली येत होती. तिला पाहून धाकटीही हळूहळू निघाली. मधल्या गाठीपाशी दोघी भेटल्या आणि रीत मोडून तिथंच थांबल्या. थोरलीनं धाकटीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अगदी डोळ्यांजवळ आणलं आणि कितीतरी वेळ पाहिलं.

"म्हातारी झालीस गं," ती म्हणाली आणि रडू लागली.

"आणि तू काय तरणी राहिलीस होय?" धाकटीही रडत रडत हसली.

दोन्ही काठांवर माणसं खोळंबली होती, पण लवकर चला असं कुणीही म्हणालं नाही.

दिवाळीनंतर थोरलीची नजर गेली. धाकटी मात्र आता रोज पूल ओलांडून तिच्याकडे जाई आणि तिच्या वेण्या घाली.

तेव्हापासून तिथं नवी रीत पडली. दोर बदलले की दोन्ही गावांतल्या सर्वांत भित्र्या माणसाला मानानं बोलावतात आणि विचारतात, "बाबा रे, तुला कशाची भीती वाटते?" तो 'आता नाही' म्हणेपर्यंत पुलावर कुणी पाय ठेवत नाही. तो पूल कधीच तुटला नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा: भिणाऱ्याला हसण्याआधी तो कशाला भितो ते विचारावं, कारण कधी कधी सगळ्या गावात तो एकटाच नीट पाहत असतो.