अलीकडे बांधलेला डोंगा

“मग ज्यांना आवाजच नाही, त्यांच्यासाठी कुणी बोलायचं, गुरुजी?”

अंताराम गुरुजी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. कडुनिंबाची काडी तोंडात होती, त्यामुळे उत्तराची घाई नव्हती.

उजाडलं होतं, पण उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. वैनगंगेवर धुकं उतरलं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठून लागतं, ते कळत नव्हतं. पायरीशी बांधलेला डोंगा तेवढा दिसत होता, तोही अर्धाच.

हेमराज उभा होता. हातात भाषणाचे कागद. जाग आल्यापासून तो ते मोठमोठ्याने वाचत होता.

भाषण चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हेमराज काही ढोंगी माणूस नव्हता. पलीकडच्या काठावर ढिवरांचा टोला आहे, मासेमारांची छोटी वस्ती, तिथला तो. गुरुजींच्या शाळेत अक्षरं गिरवली, नागपूरला गेला, पुस्तकं लिहिली. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलं होतं, ‘माझ्या मुक्या मायला’. ते पान वाचून लोकांचे डोळे भरून यायचे.

माय मुकी नव्हती. चांगली बोलायची. पण लेखकांचं असं होतं कधी कधी.

आज दुपारच्या आत अलीकडच्या गावात सुनावणी होती. टोला उठवून तिथे रेती उपसायला रेतीघाट काढायचा घाट होता. टोल्यात राहणाऱ्यांनी यावं आणि हरकत सांगावी. नाही सांगितली, तर घरं जाणार.

“बारा वर्षं मी त्यांच्यासाठी लिहितोय,” हेमराज म्हणाला. “त्यांचा आवाज म्हणजे मीच की. खोटं आहे का?”

गुरुजींनी काडी दुसऱ्या दाढेखाली सरकवली.

“टोल्याला हाक मार.”

“आत्ता? कशाला?”

“मार तर.”

हेमराजने तोंडाभोवती हात धरले.

“ओ... मी हेमराज... घाबरू नका... मी आहे...”

पलीकडच्या उंच दरडीवर आपटून आवाज परत आला. मी आहे... मी आहे...

त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा, अजून मोठ्याने. दर वेळी धुक्यातून त्याचाच आवाज परत यायचा, जरा भारदस्त होऊन. त्याला तो आवडला.

“बघा,” तो वळून म्हणाला. “एक जण ओ देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दाबलेली माणसं, गुरुजी. बोलणंच विसरली. म्हणून तर माझ्यासारख्याने...”

गुरुजींनी काडी टाकली. चूळ भरली. सावकाश उठले आणि आपला ओला तळहात हेमराजच्या तोंडावर ठेवला.

याच हाताने कधीकाळी त्याचं बोट धरून पाटीवर फिरवलं होतं. आता त्यात जोर उरला नव्हता. तरी हेमराजला तो बाजूला करवेना.

...

धुकं कानातही शिरल्यासारखं झालं. डोंग्याच्या कडेवरून एक थेंब पाण्यात पडला. कुठेतरी मासा उलटला. नदी झोपली आहे आणि आपण तिच्या झोपेत उभे आहोत, असं काहीसं हेमराजला वाटलं.

...

मग फार लांबून काहीतरी आलं.

“डोंगा...”

बाईचा आवाज. बसलेला, घोगरा. बराच वेळ ओरडून ओरडून होतो तसा.

“डोंगा आन रे बाबू... आमाले बी येवाचं हाये...”

तिच्यामागे आणखी आवाज होते. बायांचे, म्हाताऱ्यांचे. एक थांबला की दुसरा.

गुरुजींचा हात खाली आला.

“माय आहे,” हेमराज म्हणाला.

“हं.”

“केव्हापासून...?”

“तू वाचायला बसलास, त्याच्या आधीपासून.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं की. तू त्या वेळी दुसऱ्या पानावर होतास.”

हेमराज डोंग्याकडे बघत राहिला.

टोल्याचे बाकीचे डोंगे गेल्याच आठवड्यात कुणीतरी रातोरात फोडले होते. हा एवढा एकच उरला होता. काल संध्याकाळी हेमराज स्वतःच टोल्यावर गेला होता. माय म्हणाली होती, “मी बी येतो. मले बोलाचं हाये.” तो हसला होता. “तू काय बोलशील, माय? तुम्ही कुणी त्रास घेऊ नका. मी आहे ना.” आणि याच डोंग्यात बसून एकटा अलीकडे आला होता. ही दोरी त्यानेच बांधली होती. गाठही चांगली घट्ट मारली होती. टोल्यातल्या माणसाची गाठ, सुटायची नाही अशी.

पूल अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता. सुनावणी तोवर उरकली असती.

तो पायरीवर बसला. कागद बाजूला ठेवले. ते ओल्या दगडावर भिजू लागले, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याने गाठ सोडवायला घेतली. लाज वाटत होती, आणि रडूही येत होतं.

गाठ सुटली. तो डोंग्यात चढला, वल्हं हातात घेतलं. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. सवयीप्रमाणे त्याने तोंडाभोवती हात नेले. “आलो,” असं ओरडायचं होतं.

हात तसेच राहिले.

“गुरुजी, पलीकडचं काहीच दिसत नाही. डोंगा कुठे न्यायचा?”

गुरुजींनी पायाने डोंगा पाण्यात लोटला.

“गप्प राहा, बाबू. ते सांगतील.”