ओली फरशी

“…पण एवढी फरशी बसवायला पैसा कुठून आणलास?”

विसाजीपंत याच प्रश्नाची वाट पाहत होते. ते संस्थानचे न्यायाधीश. लहानपणी राघोबुवांच्या मठात शिकलेले. नवी कचेरी दाखवायला त्यांनी बुवांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“खजिन्यातून दमडी घेतली नाही, बुवा. दावा दाखल करायची फी चार आणे होती, ती तीन रुपये केली. ज्यांच्यासाठी कचेरी, त्यांनीच ती बांधली. पूर्वी लोक उन्हात ताटकळायचे. आता ओसरी आहे, बाकं आहेत, प्यायला पाणी आहे.”

बुवांनी ओसरीभर नजर फिरवली. बाकं रिकामी होती.

“लोक कुठे आहेत?”

“दावे कमी झालेत. भांडणं मिटली असावीत.”



ओसरीच्या टोकाला एक बाई ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. बुवा तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले.

“किती दिवस करतेस हे काम, बाई?”

“सात महिनं झालं, महाराज.”

“भागतं यावर?”

“पोटासाठी लोकांचं दळण दळते. हे फीसाठी.” तिने मान वर केली नाही. “मालक वारले. दिरानं शेत बळकावलं. दावा लावायचाय. अजून बारा आणे कमी पडत्यात. पेरणीच्या आत जमलं तर बरं… एकदा त्यानं पेरलं, की मग कोण ऐकतंय.”

विसाजीपंतांचे कान तापले. सात महिने ते रोज याच ओल्या फरशीवरून आत गेले होते. रोज ही बाई अंग चोरून बाजूला सरकली होती. एकदा तर, डाग राहिला म्हणून त्यांनी तिला परत पुसायला लावलं होतं.

त्यांनी घाईघाईने खिशातून एक रुपया काढला आणि तिच्यापुढे धरला.

बाईने हात पदराखाली घेतले.

“नको, सरकार. उद्या दीर म्हनंल, न्यायाधीशानंच पैसं दिलं. मग माझं खरं बी खोटं ठरंल.”

विसाजीपंतांना जे सुचायला हवं होतं, ते तिला सुचलं होतं. रुपया तसाच हातात राहिला. तो परत खिशात टाकायचीही त्यांना लाज वाटली.



“चुकलो, बुवा,” ते खाली बघत म्हणाले. “उद्या सकाळी पहिला हुकूम हाच काढतो. फी पुन्हा चार आणे.”

बुवांनी बाईकडून फडकं मागून घेतलं. बादलीत बुडवलं, पिळलं, आणि विसाजीपंतांच्या हातात दिलं.

“उद्याचं उद्या. अजून अर्धी ओसरी राहिलीय.”