अभ्यासात घेतलेलं पोर

“पण सिस्टर, रिकाम्या खुर्चीला काय समजवायचं?”

शर्वरी हसत होती. पोरगी हुशार हो, गोड. मोठ्या दवाखान्यात नव्या औषधांची चाचणी चालते, ‘अभ्यास’ म्हणतात तिला, तिथं आजारी मुलांच्या आईबापांना माहिती सांगायच्या कामावर नवी लागलेली. शिकायला म्हणून तिला पूर्वी तिथंच हे काम केलेल्या, आमच्या शेजारच्या एस्तेर सिस्टरांकडे धाडलेलं. मी आपली कोथिंबीर मागायच्या निमित्तानं दारात उभी.

“कालच एका आईची सही घेतली मी. दहा मिनिटांत! उद्या सकाळी मुलाला पहिला डोस. एक प्रश्न विचारला नाही बाईनं. फक्त...” तिला पुन्हा हसू फुटलं. “मी म्हटलं, मुलाला अभ्यासात घेतोय. तर ती त्याचं दप्तरच घेऊन आली!”

सिस्टर हसल्या नाहीत.

“मग काय सांगितलंस तिला?”

“काय सांगणार? म्हटलं, ठेवा तिकडं.”

सिस्टरांनी ती रिकामी वेताची खुर्ची तिच्यासमोर ओढली. “हिला सांग. पहिल्यापासून.”

आणि त्या माझ्याजवळ दारात येऊन उभ्या राहिल्या.

शर्वरीनं घडाघडा सुरुवात केली. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं पाणी. कुणाला काय मिळतं, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. अभ्यास दोन वर्षांचा...

खुर्ची करकरली.

“आन् माझा पोरगा अभ्यासात नापास झाला तर?”

बाईमाणसाचा आवाज. हळू, दमलेला. मी चटकन सिस्टरांकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

शर्वरीनं हातातले कागद छातीशी ओढले.

“नापास... नाही हो मावशी, तसला अभ्यास नव्हे. म्हणजे... औषध लागू पडेल की नाही, ते आम्हालाच अजून कळलेलं नाही...”

“मंग ते कळायला माझाच का?”

...

 

मग पोरगी उठली. भिंतीला चिकटून, खुर्चीला लांबून वळसा घालत दारापर्यंत आली. तोंड पांढरंफटक.

“सिस्टर, कालच्या त्या बाईला काहीच कळलेलं नाही... पण आता सही तर झालीय ना तिची?”

सिस्टर खुर्चीकडं बघत होत्या.

“हिचीही झाली होती. मीच घेतलेली.”